वाचकांचे प्रश्न : न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क

न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्कविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. काही पत्रे इतिहासाविषयी आहेत, काही स्थापत्याच्या विद्यार्थ्यांची आहेत, तर काही मुलाबाळांकडे अमेरिकेला निघालेल्या वाचकांची आहेत.

प्रश्न : एवढ्या दाट वस्तीच्या शहरात मधोमध इतके मोठे रान शिल्लक कसे राहिले? शहर वाढत असताना तेवढी जागा मुद्दाम न बांधता सोडून दिली होती काय?

उत्तर : रान शिल्लक राहिले नाही, ते तयार करण्यात आले. मॅनहॅटन बेटाच्या मधल्या पट्ट्यात, दक्षिणेस ५९व्या रस्त्यापासून उत्तरेस ११०व्या रस्त्यापर्यंत आणि पूर्वेच्या फिफ्थ ॲव्हेन्यूपासून पश्चिमेच्या एट्थ ॲव्हेन्यूपर्यंत पसरलेले हे उद्यान ८४३ एकरांचे आहे. त्याची लांबी सुमारे ४ किलोमीटर आणि रुंदी ८०० मीटर भरते. बेटावर काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची जाळी आखणाऱ्या १८११च्या आराखड्यात या उद्यानाचा मागमूसही नाही. बेटाच्या दोन्ही अंगांना रुंद जलप्रवाह असल्यामुळे मोकळ्या हवेसाठी वेगळ्या मोठ्या जागा राखण्याची फारशी गरज नाही, असे त्या आराखड्याच्या कर्त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले होते. पुढच्या चाळीस वर्षांत शहराची लोकसंख्या एका लाखाच्या आतून पाच लाखांच्या वर गेली, नदीकाठ गोद्यांनी आणि गुदामांनी व्यापला, आणि हा तर्क लंगडा पडला. मोकळ्यावर फिरण्याची हौस असलेली कुटुंबे त्या काळी ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीत सहलीला जात असत, यावरून टंचाई कोणत्या थराला गेली होती याची कल्पना यावी.

‘इव्हिनिंग पोस्ट’ या वृत्तपत्राचे संपादक आणि कवी विल्यम कलन ब्रायंट यांनी १८४४मध्ये सार्वजनिक उद्यानाची मागणी छापून मांडली. उद्यानकार अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांनी ती आपल्या लेखांतून उचलून धरली. अखेर १८५३मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने सध्याची जागा संपादन करण्यास मंजुरी दिली. या जागेची निवड केवळ सौंदर्यदृष्टीने झाली नव्हती. येथे खडक आणि दलदल इतकी होती की घरे बांधण्यासाठी ती जमीन सपाट करणे महागात पडले असते. शिवाय शहराचा पाणीपुरवठ्याचा जलाशय तेथे आधीच होता. जमिनीच्या भरपाईपोटी सुमारे ५० लाख डॉलर ठरले आणि त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश रक्कम भोवतालच्या जमीनमालकांकडून वसूल करावी असे ठरवण्यात आले. उद्यान झाले की त्यांच्या जमिनींचे भाव वधारणार हे उघड होते. आजच्या नगरपालिकांनाही हा हिशेब अभ्यासण्यासारखा आहे. सुरुवातीला उद्यानाची उत्तर हद्द १०६व्या रस्त्यापर्यंतच होती; ती ११०व्या रस्त्यापर्यंत नेण्यासाठी लागणारी जमीन १८६३मध्ये मिळाली.

आराखड्यासाठी १८५७मध्ये स्पर्धा जाहीर झाली. आलेल्या ३३ आराखड्यांतून १८५८मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा ‘ग्रीन्सवर्ड’ नावाचा आराखडा निवडण्यात आला. व्हॉक्स हे इंग्लंडमधून आलेले वास्तुविशारद होते. ओल्मस्टेड यांनी तोपर्यंत शेती केली होती, वृत्तपत्रांसाठी प्रवासवर्णने लिहिली होती आणि उद्यानाच्या कामावर अधीक्षक म्हणून नुकतीच नोकरी धरली होती. उद्यानरचनेचे रीतसर शिक्षण त्यांनी कुठेही घेतलेले नव्हते. त्यांनी १८५०मध्ये इंग्लंडमधील बर्कनहेड येथील सार्वजनिक उद्यान पाहिले होते आणि सर्व थरांतील लोक तेथे एकत्र फिरतात हे त्यांच्या मनात ठसले होते.

त्यानंतरचे काम मात्र बागकामापेक्षा खाणकामाला जवळचे होते. सुरुंग लावून खडक फोडण्यात आले, दलदलीत मातीच्या नळ्या पुरून पाण्याचा निचरा करण्यात आला, न्यू जर्सीतून सुपीक माती आणून टाकण्यात आली आणि ऑस्ट्रियात जन्मलेले माळी इग्नाझ पिलाट यांच्या देखरेखीखाली झाडेझुडपे लावण्यात आली. डिसेंबर १८५८मध्ये, बाकीचे काम चालू असतानाच, गोठलेल्या ‘लेक’ नावाच्या तळ्यावर लोक स्केटिंग करू लागले होते, सगळे उद्यान पुरे होण्यास मात्र १८७६ साल उजाडले. उद्यानातील सर्व तळी कृत्रिम आहेत. ‘रँबल’ या दाट झाडीच्या भागातून खळखळत जाणारा ओढाही शहराच्या नळाच्या पाण्यावर चालतो आणि चावी फिरवली की आटतो. अस्सल आहे तो जागोजागी उघडा पडलेला करडा, अभ्रकाने चमकणारा शिस्ट खडक. तो सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा असून नैर्ऋत्येकडील ‘अंपायर रॉक’वर हिमनदीने घासत नेलेल्या दगडांचे खोल, समांतर ओरखडे आजही हाताला लागतात.

प्रश्न : उद्यानासाठी कृष्णवर्णीयांचे एक गाव उठवण्यात आले असे ऐकले. यात तथ्य किती?

उत्तर : पूर्ण तथ्य आहे. पश्चिम बाजूला, साधारण ८२व्या ते ८९व्या रस्त्यांच्या दरम्यान, ‘सेनेका व्हिलेज’ नावाची वस्ती होती. तेथील पहिले भूखंड १८२५मध्ये विकले गेले आणि अँड्र्यू विल्यम्स या कृष्णवर्णीय तरुणाने त्यांतले तीन घेतले. जमिनीला तेव्हा दुहेरी किंमत होती, कारण न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मताचा अधिकार हवा असेल तर त्याच्या नावावर २५० डॉलरांची मालमत्ता असण्याची अट १८२१पासून घालण्यात आली होती, आणि गोऱ्यांवर तशी अट राहिली नव्हती. वस्तीत १८५५च्या गणनेनुसार सुमारे २२५ माणसे राहत होती. त्यांत आयरिश आणि जर्मन कुटुंबेही होती. तीन चर्च होती, शाळा होती, दफनभूमी होती.

उद्यानाच्या पुरस्कर्त्यांनी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या वृत्तपत्रांनी मात्र या सगळ्या टापूचे वर्णन झोपड्यांची आणि बेकायदा घुसलेल्यांची वस्ती असे केले. सरकारने सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार वापरला, मालकांना भरपाई दिली. ती अपुरी असल्याच्या तक्रारी झाल्या आणि १८५७पर्यंत वस्ती रिकामी करण्यात आली. सगळ्या उद्यानक्षेत्रातून मिळून सुमारे १,६०० लोक हलवले गेले. पुढे शंभरहून अधिक वर्षे या गावाचा उल्लेख क्वचितच कुठे होत असे. तेथे २०११मध्ये उत्खनन झाले, तेव्हा एका घराच्या दगडी पायाबरोबर लोखंडी किटली, मांस भाजण्याचे भांडे आणि लहान मुलाचा चामडी तळव्याचा बूट सापडला. दगडी पायाचे घर आणि चहाची किटली बाळगणाऱ्या कुटुंबांना झोपडीवासी ठरवण्यात आले होते, हे या वस्तूंमुळे कागदपत्रांपेक्षाही स्पष्ट होते.

प्रश्न : मी स्थापत्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. सेंट्रल पार्कच्या आखणीत नेमके असे काय आहे की आजही त्याचा अभ्यास करायला सांगतात? नकाशावर तर नुसत्या वळणावळणाच्या वाटा दिसतात.

उत्तर : नकाशावर त्या वाटांना कुठे कुठे आडवे छेदून जाणाऱ्या चार रेषा आधी शोधाव्यात; आराखड्याची किल्ली तेथे आहे. अडीच मैल लांबीचे उद्यान शहराच्या मध्यात आडवे येणार असल्यामुळे ते ओलांडून जाणारे चार रस्ते ठेवलेच पाहिजेत, अशी स्पर्धेची अट होती. इतर बहुतेक स्पर्धकांनी हे रस्ते उद्यानाच्या पृष्ठभागावरूनच नेले. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी ते जमिनीखाली सुमारे आठ फूट उतरवले, दोन्ही बाजूंना दगडी भिंती उभारल्या आणि उद्यानाच्या वाटा त्यांच्यावरून पुलांनी पलीकडे नेल्या. पुलाच्या दोन्ही कडांना झाडी लावल्यामुळे आपण शहराचा रस्ता ओलांडत आहोत हे चालणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. मोटारीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, भाजीच्या आणि कोळशाच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही योजना आज टॅक्सी, बस आणि रुग्णवाहिका यांचा भार वाहत आहे. साधारण ६५, ७९, ८५ आणि ९७ या रस्त्यांच्या रेषेत हे चार मार्ग आहेत. उद्यान रात्री बंद झाले तरी शहराची वाहतूक चालू राहिली पाहिजे, हा मुद्दाही त्यामागे होता आणि तोही यामुळे सुटला.

दुसरी गोष्ट उद्यानातल्या उद्यानात आहे. घोडागाड्यांचे रस्ते, घोडेस्वारांची वाट आणि पायवाटा अशी तीन स्वतंत्र जाळी येथे विणलेली आहेत आणि जेथे ती एकमेकांना भेटतात तेथे एक वाट कमानीखालून जाते, दुसरी वरून. यासाठी पूल आणि कमानी मिळून तिसाहून अधिक बांधकामे झाली. त्यांतील बहुतेकांची रचना व्हॉक्स यांनी केली आणि एक दुसऱ्यासारखे होऊ दिले नाही. कुठे विटांचे पट्टे आहेत, कुठे न घडवलेले शिलाखंड रचलेले आहेत, तर ‘लेक’वरचा ‘बो ब्रिज’ ओतीव लोखंडाचा आहे. घोडागाड्यांच्या रस्त्यांना इतकी वळणे का, याचे कारणही साधे आहे : सरळ रस्ता मिळाला की घोड्यांच्या शर्यती लागतात. आता या रस्त्यांवर सायकली आणि धावणारे लोक असतात. खासगी मोटारींना २०१८पासून तेथे पूर्ण बंदी आहे.

वळणांच्या या राज्यात एकच मोठी सरळ वाट आहे, ती म्हणजे ‘मॉल’. (दुकानांचा मॉल अर्थातच नव्हे.) अमेरिकन एल्म वृक्षांच्या चार रांगा असलेली, सुमारे पाव मैल लांबीची ही वाट शहराच्या रस्त्यांना समांतर न ठेवता किंचित तिरकी बसवली आहे. ती वायव्येच्या दिशेने दूरच्या ‘व्हिस्टा रॉक’कडे नजर नेते आणि चौकोनी शहराचा विसर पाडते. एल्म वृक्षांना ग्रासणाऱ्या बुरशीने अमेरिकेतील असंख्य रांगा नष्ट केल्या. येथील झाडे डोळ्यांत तेल घालून जपली जातात म्हणून टिकली आहेत. मॉल संपतो तेथे ‘बेथेस्डा टेरेस’ ही तळ्याकाठची दुमजली दगडी गच्ची लागते. तेथील दगडी कठड्यांकडे आपण जवळ जाऊन पाहावे, कारण वास्तुविशारद जेकब रे मोल्ड यांनी तेथे दिवस आणि रात्र, तसेच ऋतू कोरून घेतले आहेत : एका बाजूला आरवणारा कोंबडा आणि उगवता सूर्य, दुसरीकडे घुबड, वटवाघूळ आणि झाडूवर बसून निघालेली चेटकीण. खालच्या कमानदार दालनाचे छत इंग्लंडच्या मिंटन कारखान्यातील १५,०००हून अधिक रंगीत फरश्यांचे आहे. फरशी पायाखाली घालण्याऐवजी डोक्यावर लटकवण्याचा हा हट्ट महागात पडला, फरश्या ढिल्या होऊन १९८०च्या दशकात उतरवून ठेवाव्या लागल्या आणि २००७मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा वर चढल्या.

एक गोष्ट सुचवावीशी वाटते. स्पर्धेसाठी या जोडीने मोठ्या नकाशाबरोबर छोटे फलकही सादर केले होते. त्यांत जागेचे तेव्हाचे ओसाड रूप आणि त्याखाली झाडे वाढल्यावर ती कशी दिसेल याचे चित्र असे एकाखाली एक मांडले होते. आपल्या अभ्यासासाठी नकाशापेक्षा हे फलक अधिक उपयोगी पडतील.

प्रश्न : नकाशात मधोमध दिसणाऱ्या विस्तीर्ण जलाशयाचे पाणी शहराला पिण्यासाठी पुरवतात काय?

उत्तर : एकेकाळी पुरवत असत. न्यूयॉर्कने १८३२मध्ये कॉलऱ्याची साथ आणि १८३५मध्ये प्रचंड आग अनुभवली. त्यानंतर क्रोटन नदीचे पाणी दगडी कालव्याने आणण्याची योजना हाती घेण्यात आली आणि १८४२मध्ये ते शहरात पोहोचले. त्यासाठी बांधलेला आयताकृती जलाशय उद्यानाच्या आधीपासून त्या जागी होता. तो अपुरा पडणार हे दिसताच त्याच्या उत्तरेला १०६ एकरांचा दुसरा जलाशय १८५८ ते १८६२ या काळात बांधला. हाच आज नकाशात दिसतो. तो १९९३मध्ये पाणीपुरवठ्यातून बाद झाला आणि पुढच्या वर्षी त्याला जॅकलिन केनेडी ओनासिस यांचे नाव देण्यात आले. जुना आयताकृती जलाशय १९३०च्या सुमारास रिकामा केला गेला. महामंदीच्या दिवसांत बेघर माणसांनी त्याच्या कोरड्या तळावर खोपटी उभारली होती. नंतर तो बुजवून तेथे ‘ग्रेट लॉन’ ही हिरवळ करण्यात आली.

बेथेस्डा टेरेससमोरच्या कारंज्यावरील देवदूताची मूर्ती याच क्रोटनच्या पाण्याच्या स्मरणार्थ आहे. एमा स्टेबिन्स यांनी घडवलेल्या या मूर्तीचे अनावरण १८७३मध्ये झाले. न्यूयॉर्क शहराने एखाद्या स्त्रीकडे सोपवलेले हे पहिले मोठे सार्वजनिक शिल्प होय.

प्रश्न : ‘शीप मेडो’ या मैदानात खरोखरच मेंढ्या होत्या का, की ते केवळ हौसेने ठेवलेले नाव आहे?

उत्तर : होत्या, आणि १८६४पासून १९३४पर्यंत होत्या. स्पर्धेच्या अटींत लष्करी कवायतीसाठी मैदान मागितले होते. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांना त्यात रस नव्हता, म्हणून तेथे कुरण झाले आणि गवत आखूड ठेवण्याचे काम मेंढ्यांनी केले. पुढे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी मेंढ्या ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कला पाठवल्या आणि त्यांच्या गोठ्याचे उपाहारगृह केले. ‘टॅव्हर्न ऑन द ग्रीन’ या नावाने ते आजही चालते.

प्रश्न : उद्यानात पुतळे पुष्कळ आहेत असे वाचले. त्यांत स्त्रिया किती?

उत्तर : देवदूत, परी आणि ॲलिससारखी गोष्टींतली पात्रे सोडली, तर २०२०पर्यंत एकही नव्हती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॉलवर स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या सोजर्नर ट्रुथ, सुझन बी. अँथनी आणि एलिझाबेथ केडी स्टँटन या तिघींचे एकत्र शिल्प बसवण्यात आले. खरे म्हणजे मूळ आराखड्याच्या कर्त्यांना पुतळ्यांची गर्दीच नको होती. नंतरच्या पिढ्यांनी ती हळूहळू केली.

प्रश्न : एवढ्या मोठ्या उद्यानाची निगा कोण राखते? प्रवेशमूल्य आहे काय?

उत्तर : प्रवेश विनामूल्य आहे. उद्यानाची मालकी शहराची असून रोजची व्यवस्था १९८०मध्ये स्थापन झालेली ‘सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी’ ही ना-नफा संस्था पाहते. ही वेळ का आली हे समजण्यासाठी १९७०च्या दशकाकडे पाहावे लागते. शहर १९७५मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. माळ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, शीप मेडोचे गवत जाऊन तेथे धुळीचे मैदान झाले, कमानींवर रंगाचे फराटे ओढले गेले आणि अंधार पडल्यावर उद्यानात शिरायला लोक धजावत नसत. संस्थेच्या संस्थापक एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांनी देणगीदार आणि स्वयंसेवक उभे केले, एकेका भागाच्या दुरुस्तीची योजना आखली आणि प्रत्येक टापूची जबाबदारी ठराविक माळ्याकडे देण्याची पद्धत रुजली. शहराने १९९८मध्ये संस्थेशी रीतसर करार केला. आता खर्चाचा मोठा वाटा देणग्यांतून येतो.

या व्यवस्थेची स्तुती पुष्कळ होते आणि ती रास्तही आहे. पण सेंट्रल पार्कच्या भोवती अमेरिकेतील अतिश्रीमंत राहतात, हे विसरून तिचे अनुकरण करू जाणाऱ्या शहरांच्या पदरी निराशा येते. न्यूयॉर्कच्याच गरीब वस्त्यांतील उद्यानांना असे देणगीदार मिळालेले नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरीचे आहोत आणि मुलाकडे न्यूयॉर्कला जाणार आहोत. एका दिवसात फार न चालता काय पाहावे? आणि वाट चुकलो तर?

उत्तर : सगळे उद्यान एका दिवसात पाहण्याचा विचार सोडून द्यावा. सकाळी ७२व्या रस्त्यावरून पश्चिमेच्या बाजूने आत शिरावे. तेथे प्रथम गायक जॉन लेनन यांच्या स्मरणार्थ राखलेला ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ हा भाग लागतो. पुढे वळणावळणाने पूर्वेकडे गेल्यास बेथेस्डा टेरेस आणि मॉल एकाच फेरीत होतात. टेरेसला मोठा जिना आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असल्यास वरच्या कठड्यावरूनच तळ्याचे दृश्य पाहावे. ‘रँबल’मधील वाटा चढउताराच्या आणि बुचकळ्यात टाकणाऱ्या आहेत; पक्षी पाहण्याची आवड नसेल तर तेथे जाऊ नये. वसंतात मात्र स्थलांतर करणारे पक्षी तेथेच उतरतात, तेव्हा आवड असेल तर तेवढे एकच ठिकाण केले तरी दिवस सार्थकी लागेल. शांतता हवी असल्यास दुसऱ्या दिवशी फिफ्थ ॲव्हेन्यूवर १०५व्या रस्त्यापाशी ‘कॉन्झर्व्हेटरी गार्डन’ गाठावे. इटालियन, फ्रेंच आणि इंग्लिश अशा तीन पद्धतींची ही आखीव बाग आहे, आणि गर्दी बहुधा दक्षिणेकडेच अडकून राहते.

वाट चुकणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र दिव्याचा खांब जवळ असला की घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक खांबावर, डोळ्यांच्या उंचीच्या आसपास, चार आकडी क्रमांकाची छोटी पट्टी असते. त्यांतील पहिले दोन आकडे जवळच्या आडव्या रस्त्याचा क्रमांक सांगतात. शेवटचा आकडा विषम असेल तर आपण उद्यानाच्या पश्चिम अर्ध्यात आहोत आणि सम असेल तर पूर्व अर्ध्यात. म्हणजे ६७३९ असे लिहिले असेल, तर ६७व्या रस्त्याची रेषा आणि पश्चिम बाजू. मुलाला फोन करताना एवढा क्रमांक वाचून दाखवला की पुरे.